दगडांवरील वंशावळी

श्राद्धाच्या वेळी भटजी यजमानाला तीन पिढ्यांची नावे विचारतात. वडील, आजोबा आणि पणजोबा. पहिली दोन नावे यजमान चटकन सांगतो. तिसऱ्या नावाशी तो जरा अडखळतो आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या काकांकडे पाहतो. चौथे नाव कोणी विचारीतच नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य घराण्यांची स्मृती ही अशी तीन पिंडांपाशी येऊन थांबते. त्यात नवल काही नाही. जिथे देहाचे दहन होते आणि अस्थी नदीत सोडल्या जातात, तिथे माणसाच्या मागे उरते ते केवळ नाव, आणि तेही सांगणाऱ्याच्या तोंडी. सांगणारा गेला की नावही गेले.

यावर आपल्या लोकांनी काही तोडगे काढलेले आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे लिहिलेली सापडतात. अलीकडच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ घराण्यांनी आपापले कुलवृत्तांतही छापले. परंतु या दोन्ही गोष्टींना ऐपत लागते. ज्याला यात्रा घडली त्याचे नाव वहीत. ज्या घराण्यात लिहिणारे निघाले त्याचे कुलवृत्तांतात. बाकीच्यांनी आपले पूर्वज शोधायचे कुठे?

विलायतेत असा प्रश्न पडला तर माणूस आपल्या मूळ गावाच्या देवळाभोवतीच्या दफनभूमीत जातो, शेवाळ बाजूला करून थडग्यांवरची नावे वाचतो आणि वहीत उतरवून घेतो. आपल्याकडे हे शक्य आहे काय? थोडेफार आहे, असे माझे मत आहे. पण आपल्याकडचा दगड वाचण्याची रीत निराळी आहे. ती कशी, हे आज एका उदाहरणावरून सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम हे ध्यानात घेऊ या की महाराष्ट्रात मृतांच्या नावाने उभे केलेले दगड काही कमी नाहीत. देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी वीरगळ असतात. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत त्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा आणि अगदी शिरोभागी चंद्रसूर्य. ज्या दगडावर बांगड्या भरलेला हात कोपरातून उभा कोरलेला असतो ती सतीशिळा. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षरच नसते. गावकरी त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, 'हा आमचा वीर' म्हणतात. तो कोणाचा कोण, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. लिंगायत समाजात दफनाची चाल आहे; गोसावी आणि नाथपंथीयांच्या समाध्या जागोजागी दिसतात. तिथेही गुरुशिष्यांची परंपरा मिळते, पण रक्ताच्या नात्याची वंशावळ क्वचितच हाती लागते.

वसईकडे आणि गोव्यात ख्रिस्ती गावांतून दफनभूमी असते. पण जागा थोडी आणि माणसे फार, म्हणून काही वर्षांनी तीच खाच पुन्हा वापरतात. तेव्हा तिथे दगडापेक्षा चर्चमधील बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची नोंदवही अधिक बोलते. मुसलमानांच्या साध्या कबरींवर पुष्कळदा नाव नसतेच. काही जुन्या कबरींवर पुरुषासाठी कलमदान आणि स्त्रीसाठी पाटी कोरलेली आढळते. तेवढ्यावरून कबर पुरुषाची की स्त्रीची, इतके समजते.

सारांश काय, की दगड पुष्कळ. पण नाव, बापाचे नाव, गाव आणि सन अशा चारही गोष्टी सांगणारा दगड विरळा. आणि असे दगड ज्या दफनभूमींत अजून उभे आहेत, त्यांपैकी काही आपल्या कोकणात, रायगड जिल्ह्यात आहेत. त्या बेने इस्राएल समाजाच्या.

मांडव्याहून अलिबागला जाताना वाटेत किहीमच्या पुढे नवगाव लागते. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी सांगते, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्याला आणून टाकली आणि ती नवगावला पुरण्यात आली. ही घटना केव्हाची, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्या वादात आज आपल्याला शिरायचे नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की या समाजाच्या कथेचा आरंभच एका दफनभूमीपासून होतो. नवगावला आज स्मारकस्तंभ उभा आहे, आणि समुद्रापारहून आलेली माणसे तिथे येऊन उभी राहतात.

वाचलेली ती मंडळी आसपासच्या गावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. ज्या गावी घर केले त्या गावाचे आडनाव पडले: किहीमकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाकरूळकर, दिवेकर, घोसाळकर. पुढे इंग्रजी अमदानीत पुष्कळजण पलटणीत गेले, मुंबईला गेले, कारकून, शिक्षक, डॉक्टर झाले. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्या सुमारास हिंदुस्थानात हा समाज सुमारे २०,००० होता. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्यातील बहुसंख्य तिकडे निघून गेले. घरे विकली, घाणे तर कधीच थांबले होते. सोबत नेता आली नाहीत ती फक्त थडगी.

आता ही थडगी वाचायची कशी ते पाहू.

पहिली अडचण नावाची. सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे गृहस्थ या समाजाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. कंपनी सरकारच्या फौजेत ते अंमलदार होते, टिपूच्या कैदेत सापडले होते, आणि सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत समाजाचे पहिले सभास्थान बांधले. समाजातली जुनी मंडळी सभास्थानाला 'मशीद'च म्हणत. आता याच गृहस्थांचे दुसरे नाव ऐका: समाजी हसाजी दिवेकर. सॅम्युएलचा समाजी झाला आणि एझिकेलचा हसाजी. त्याच चालीवर बेंजामिनचा बुनाजी, अब्राहामचा अबाजी, याकोबचा अकोजी, मोशेचा मुसाजी. म्हणजे हिब्रू ओळीत एक नाव, मराठी ओळीत दुसरे, आणि इंग्रजी कागदात तिसरे. ज्याला हे ठाऊक नाही तो एका माणसाचे तीन पूर्वज करून बसेल, नाही का?

आडनावाचीही तीच गत. दिवेकर हे आडनाव मूळ गाव सांगते. माणूस वारला पेणला किंवा अलिबागला. शिवाय पेणकर, दिवेकर, रोहेकर ही आडनावे हिंदूंतही आहेत. मुंबईला गेल्यावर कित्येकांनी गावाचे आडनाव टाकून बापाचे किंवा आजाचे नाव आडनावासारखे लावले. प्रसिद्ध कवी निस्सीम एझिकेल याच समाजातले. त्यांचे आडनाव पाहून कोकणातील कुठल्याच गावाचा पत्ता लागत नाही. अशा वेळी गावच्या दफनभूमीतील दगडावर जुने 'कर' आडनाव आणि नवे नाव एकत्र सापडले, तर तुटलेला दुवा सांधला जातो.

दुसरी गोष्ट भाषेची. दगडाच्या माथ्यावर पुष्कळदा दोनच हिब्रू अक्षरे असतात: पे आणि नून. 'येथे पुरले आहे' या अर्थाच्या दोन शब्दांची ती आद्याक्षरे. शेवटी पाच अक्षरे असतात; मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, अशी ती प्रार्थना. मधल्या ओळीत नाव, मग 'बेन' म्हणजे मुलगा किंवा 'बथ' म्हणजे मुलगी, आणि पुढे बापाचे नाव. हिब्रू मुळीच न येणाऱ्याने एवढी चार-पाच चिन्हे ओळखायला शिकले तरी एका दुपारचे काम होते. खाली मराठीत, आणि पुढच्या काळातल्या दगडांवर इंग्रजीतही, मजकूर असतो.

आणि येथे एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. स्त्रीच्या थडग्यावर मराठी ओळ बहुधा सांगते, अमक्याची पत्नी. हिब्रू ओळ सांगते, तमक्याची मुलगी. आपल्या कोणत्याही वंशावळीत पाहा: पुरुषांच्या नावांचे झाड असते, आणि बायका म्हणजे नुसत्या 'भार्या'. त्यांचे माहेर कुठले, बापाचे नाव काय, याचा पत्ता नसतो. या दगडांवर मात्र दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवल्या की सासर आणि माहेर दोन्ही हाती येतात. एका दगडावरून दोन घराणी जोडली जातात. शोध घेणाऱ्याने म्हणूनच बायकांचे दगड आधी वाचावेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.

तिसरी गोष्ट सनाची. यहुद्यांचा सन अक्षरांत लिहितात, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्येची किंमत आहे. समजा, दगडावर ताव, रेश, नून, बेथ अशी अक्षरे आहेत. ताव ४००, रेश २००, नून ५०, बेथ २, बेरीज ६५२. पाच हजारांचा आकडा लिहिण्याची चाल नाही, तो धरून चालायचा. म्हणजे सन ५६५२. या ६५२ मध्ये १२४० मिळवले की १८९२ हा इसवी सन आला. शालिवाहन शकात ७८ मिळवतो तसाच हा हिशेब.

पण जरा थांबा. यहुद्यांचे वर्ष शरद ऋतूत सुरू होते. त्यांचे महिने आपल्यासारखेच अमावास्येनंतर चंद्रदर्शनाने सुरू होतात, आणि त्यांच्यातही अधिक महिना येतो. त्यामुळे त्यांचा वर्षारंभ आणि आपली घटस्थापना ही बहुधा एकाच सुमारास येतात. आता समजा, त्याच दगडावर खाली मराठीत शके १८१४ असेही लिहिले आहे. शक बदलतो गुढीपाडव्याला, हिब्रू सन बदलतो घटस्थापनेच्या सुमारास. दोन्ही आकडे खरे असतील तर मृत्यू १८९२ च्या गुढीपाडव्यापासून घटस्थापनेपर्यंतच्या सहा महिन्यांतला, हे महिना-तिथी पुसली गेली असली तरी निश्चित झाले. दोन पंचांगे एकमेकांची साक्ष काढतात ती अशी.

घरातल्या आठवणींनाही अशीच किंमत आहे. या समाजाने आपल्या सणांना अस्सल मराठी नावे दिली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. एखाद्या म्हातारीने सांगितले, की 'आमचे आजे बिरड्याच्या सणाला गेले', तर ती नुसती गोष्ट समजू नये. ती तारीख आहे. तो उपास आब महिन्याच्या नवमीचा, म्हणजे बहुधा आपल्या श्रावण शुद्ध नवमीच्या आसपासचा. त्या महिन्याचा दगड शोधावा.

आता साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणी आली. दगड खोटे बोलत नाही, असे आपण समजतो. पण दगड घडवणारा चुकू शकतो. हिब्रू न जाणणारा पाथरवट कागदावरची अक्षरे पाहून छिन्नी चालवी. हिब्रूत हे आणि हेथ ही अक्षरे फार सारखी दिसतात. एकाची किंमत ५, दुसऱ्याची ८. एक रेघ इकडची तिकडे झाली की सन तीन वर्षांनी सरकला. दगड बसवला जातो तो मृत्यूनंतर सवडीने, कधी वर्षाने, कधी मुलगा नोकरीला लागल्यावर. वय सांगतात ते अंदाजाने. म्हणून साठ, सत्तर, ऐंशी असे ठोक आकडेच अधिक. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, दगड उभा करायला पैसे लागतात. आधीच्या पिढ्यांच्या थडग्यांवर पुष्कळदा जांभ्या दगडाचा किंवा गच्चीचा साधा ओटा असतो, नाव नसते. जांभ्यावर अक्षर टिकत नाही. काळ्या दगडाची आणि संगमरवराची पाटी आली ती हाती पैसा आल्यावर. तेव्हा दफनभूमीत ज्याचा दगड नाही तो माणूस झालाच नाही, असे समजणे म्हणजे गरिबाला दुसऱ्यांदा पुरण्यासारखे आहे.

मग दगडाला जोड कशाची द्यायची? कागदाची. प्रत्येक गावचे कोतवाल बुक असे, गाव नमुना नंबर १४. त्यात गावातील जन्म आणि मृत्यूंची नोंद होई, जुनी पाने मोडीत. अनेक जुन्या नोंदींत जातही लिहिलेली असते. अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी लोक याच पुस्तकाच्या नकला काढायला तहसील कचेरीत जातात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. शिवाय सभास्थानांचे कागद आहेत. अलिबागचे 'मागेन आबोथ' सभास्थान १८४८ सालचे, १९१० साली ते पुन्हा बांधले. रेवदंडा, पेण, पनवेल इथेही सभास्थाने आहेत. घरोघरी लग्नाचा करारनामा, ज्याला केथुबा म्हणतात, तो जपून ठेवलेला असतो. त्यात वधूवरांची आणि त्यांच्या वडिलांची नावे असतात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघाला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवला. तोही हाताशी असावा. दगड, कागद आणि तोंडची आठवण या तिघांपैकी दोघांचे जमले तर नाव पेन्सिलीने लिहावे. तिघांचे जमले तरच शाईने.

एवढा खटाटोप कशासाठी, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. पूर्वज कोण होते हे कळून पोट थोडेच भरणार आहे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या समाजाच्याच इतिहासात आहे.

१९६२ साली इस्राएल देशात गेलेल्या बेने इस्राएल लोकांपुढे एक विलक्षण संकट उभे राहिले. तिथल्या मुख्य धर्मपीठाने अशी सूचना काढली, की या समाजातील कोणी इतर यहुद्यांशी लग्न करू इच्छीत असेल, तर त्याच्या आईची, आजीची आणि तिच्याही मागची चौकशी शक्य तितक्या पिढ्या मागे जाऊन करावी. ज्यांनी शेकडो वर्षे कोकणात शनिवार पाळला, मुलांची सुंता केली, उपास केले, त्यांना सांगण्यात आले, की तुमची पणजी कोण होती ते सिद्ध करा. विचार करा, श्रोतेहो, आपल्यापैकी किती जणांना आईच्या आईच्या आईचे नाव सांगता येईल? समाजाने याविरुद्ध मोठी चळवळ केली, धरणे धरले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने हे लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केल्यावर त्या सूचनेतून या समाजाचे नाव गाळण्यात आले.

न्याय अखेर मिळाला, तो चळवळीने मिळाला; दगडांच्या पुराव्यावर नव्हे. आणि कोणाही माणसाला आपला मान मिळवण्यासाठी पणजीचे नाव सांगावे लागू नये, हेच खरे. तरीही मला वाटते, की ज्या नावांची तिकडे मागणी होत होती ती नावे त्या वेळी इकडे, भाताच्या खाचरांपलीकडच्या माळावर, 'बथ' या अक्षरांनंतर कोरलेली उभी होती. आपल्याही राज्यात आज दाखल्यासाठी पणज्याची नोंद मागतात आणि गरीब माणूस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. नाव कुठे तरी लिहिलेले असणे आणि ते वाचता येणे, ही काही फुरसतीची हौस नव्हे. ज्याची सत्ता असते त्याला पुरावा लागत नाही. लागतो तो दुबळ्यालाच.

या दफनभूमींची आजची स्थिती काय आहे? जिथे समाजाची थोडीबहुत माणसे राहिली आहेत तिथे कुंपण आहे, वर्षातून एकदा साफसफाई होते. जिथे शेवटचे घरही गेले तिथे रानतुळस आणि घाणेरी माजली आहे. खाऱ्या वाऱ्याने संगमरवराचा पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो आणि अक्षरांत बसवलेले शिसे गळून पडते. पावसाळ्यात मुळे दगड उचलतात. भोवती जमिनीचे भाव वाढले आहेत हे निराळे सांगायला नको. यहुद्यांच्या धर्माप्रमाणे एकदा पुरलेल्याची जागा हलवीत नाहीत. दफनभूमीला त्यांच्याकडे 'जिवंतांचे घर' असेही एक नाव आहे. पण ज्या घराचा धनी परदेशी गेला त्याची राखण शेजाऱ्यानेच करायची असते.

आणि शेजारी ती करतातही. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन अलिबाग तालुक्यातील एका लहान दफनभूमीत गेलो होतो. वाट दाखवायला गावातल्या एक आजी आल्या. झुडपांतून थेट एका ओट्यापाशी जाऊन त्या म्हणाल्या, "ही बाय माझ्या सासूची मैत्रीण. हिचं घर आमच्या घराला लागून होतं. त्यांची माणसं गेली तिकडं, तवापासून पावसाळा सरला की मी इथलं गवत काढते." दगडावरची मराठी ओळ अर्धी झिजली होती. आजींना वाचता येत नव्हते. पण ते नाव, नवऱ्याचे नाव, मुलांची संख्या, सारे त्यांना तोंडपाठ होते. विद्यार्थ्यांनी त्यांनी सांगितलेले नाव आणि उरलेली अक्षरे ताडून पाहिली. जुळली. हिब्रू ओळ शाबूत होती. तिच्यावरून बापाचे नाव निघाले, जे आजींनाही ठाऊक नव्हते.

अशा कामाला जाणाऱ्यांनी चार पथ्ये पाळावीत. आधी समाजाच्या मंडळींची आणि गावाची परवानगी घ्यावी. दफनभूमी ही कोणाच्या तरी आईबापांची जागा आहे, सहलीची नव्हे. दगड तारेच्या ब्रशाने किंवा आम्लाने घासू नये, अक्षरांत खडू किंवा रंग भरू नये. साधे पाणी आणि मऊ कुंचा पुरे. फोटो घ्यायचा तो भर दुपारी नव्हे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा झिजलेले अक्षरही सावलीने उठून दिसते. मजकूर आहे तसा उतरवावा, चुकीसकट. दुरुस्ती शेजारी निराळी लिहावी. आणि प्रत्येक दगडाची जागा नकाशावर मांडावी, कारण शेजारी कोण पुरले आहे यावरून नाते कळते. एकाच सालचे पाच-सहा दगड एके ठिकाणी दिसले तर ते साल कोणते हे पाहावे. १९१८ असेल, तर इन्फ्लुएंझाच्या साथीची आठवण ठेवून त्या सालचे कोतवाल बुक उघडावे.

हे काम फार मोठे नाही. रायगड जिल्ह्यातील एका लहान दफनभूमीची यादी पाच-सहा विद्यार्थी चार रविवारांत करू शकतात. जिल्ह्यात महाविद्यालये आहेत, इतिहासाचे आणि मराठीचे विद्यार्थी आहेत, आणि आता प्रत्येकाच्या खिशात फोटो काढण्याचे साधन आहे. झालेल्या यादीची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावी, एक सभास्थानात, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. तिकडे गेलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आता आजोबांचे गाव पाहायला येते. मराठी त्यांना मोडकीतोडकी येते, कधी येतही नाही. हातात एखादे जुने छायाचित्र आणि गावाचे नाव एवढेच असते. त्यांना 'अमक्या रांगेतील तिसरा दगड' असे सांगता यावे, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.

आणि हे केवळ एका समाजापुरते नाही. आपापल्या गावचा वीरगळ, एखादी लिंगायत समाधी, कबरस्तान, चर्चमागची खाच, नदीकाठचे एखादे वृंदावन यांच्याबद्दल गावात कोणाला काय ठाऊक आहे, ते एकदा विचारून लिहून ठेवावे. गावोगाव जातवार निरनिराळी स्मशाने असत. ज्यांना गावाने कोपऱ्यात जागा दिली त्यांच्या मृतांची नावे तर आणखी लवकर पुसली जातात, म्हणून सुरुवात तिथूनच झाली तर उत्तम. विचारायचे ते याच वर्षी. पुढच्या पावसाळ्यानंतर दगड कदाचित तसाच असेल. पण त्या दगडाकडे बोट दाखवून 'ही माझ्या सासूची मैत्रीण' असे सांगणारी आजी असेलच, असे नाही.